टँग शेवाळ खातो, शेवाळाचं कारण खात नाही



मागच्या व्हिडिओत खाऱ्या पाण्याच्या टाकीचा धंदा कसा चालतो हे सांगताना टँग या माशाचा विषय निघाला होता. पण वेळ संपला आणि तो अर्धाच राहिला. आज तो नीट, लिहून समजावते. ज्यांना अ‍ॅक्वेरियमचं दुकान काढायचंय किंवा घरोघरी जाऊन टाक्यांची देखभाल करायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख थेट कामाचा आहे. तुमचा धंदा वेगळा असला तरी शेवटचा हिशोब वाचाच.

एक रोजचा प्रसंग घ्या. संध्याकाळची वेळ, एक दादा दुकानात येतात आणि मोबाइलवर फोटो दाखवतात. घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, सहा महिन्यांपूर्वी हौसेने केलेली. आता खडकांवर हिरवं केसाळ शेवाळ वाढलंय, काच दोन दिवसांत धुरकट होते. "ताई, शेवाळ खाणारा तो पिवळा मासा असतो ना, तो द्या."

मासा तुमच्या मागच्याच टाकीत फिरतोय. गिऱ्हाइकाच्या हातात पैसे आहेत. दहा मिनिटांत विक्री होईल. तुम्ही काय कराल?

मी दुकान सुरू केलं तेव्हा काय केलं ते आधी सांगते. एका गिऱ्हाइकाच्या मुलीला सिनेमातली डोरी हवी होती, म्हणजे निळा टँग. त्यांची टाकी दोन फुटांची होती. बीबीएला आम्हाला विक्री बंद कशी करायची हे शिकवलं होतं, कधी करायची नाही हे कुणी शिकवलं नव्हतं. मी मासा दिला. एकोणीस दिवसांत तो गेला. त्या गृहस्थांनी माझ्याशी वाद घातला नाही, पैसे परत मागितले नाहीत. त्यांनी फक्त टाकी विकून टाकली आणि पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. तो मासा माझ्यामुळे मेला, आणि गिऱ्हाईकही माझ्यामुळेच गेलं.

म्हणून आता टँगची पूर्ण ओळख करून घेऊ.

टँग म्हणजे नक्की कोण?

टँग हे दुकानातलं नाव. शास्त्रात या कुळाला अ‍ॅकँथुरिडी म्हणतात, आणि इंग्रजीत यांना सर्जनफिश, म्हणजे शस्त्रक्रिया करणारा मासा, असंही नाव आहे. कारण शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो, अगदी डॉक्टरच्या सुरीसारखा. मासा बिथरला की शेपूट फिरवतो आणि हात कापतो. जाळीत धरलं तर काटा जाळीत अडकतो आणि माशालाही इजा होते. त्यामुळे टँग पकडायचा असेल तर जाळीने हाकलून प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्यात घ्यायचा. नवीन पोऱ्या कामावर ठेवलात तर त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवा.

समुद्रात टँग दिवसभर प्रवाळाच्या खडकांवरून फिरत, चोचल्यासारखं शेवाळ खात राहतो. शेळी जशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चरत असते, तसंच. म्हणजे त्याला दोन गोष्टी हव्यात: पोहायला लांब जागा आणि दिवसभर थोडं थोडं खाणं. घरच्या टाकीत नेमकं याच दोन गोष्टींत कमी पडतं.

सगळे टँग एकच काम करत नाहीत, हे लक्षात ठेवा. तोंड बघून काम ओळखायचं.

झेब्रासोमा गटातल्या माशांचं तोंड पुढे निघालेलं, नळीसारखं असतं. पिवळा टँग आणि तपकिरी स्कोपस टँग यातलेच. खडकांच्या फटीतून लांब, केसाळ शेवाळ उपटून खाण्यात हे पटाईत.

टेनोकीटस गटाचे दात कंगव्यासारखे बारीक असतात. टोमिनी टँग, कोले टँग हे यातले. हे शेवाळ तोडत नाहीत. काचेवरचा, खडकावरचा पातळ थर आणि बसलेला गाळ ते खरवडतात. काचेवर ओठांचे ठसे उमटलेले दिसले की समजायचं, साहेब कामावर आहेत.

नासो टँग मोठ्या पानांचं तपकिरी शेवाळ पसंत करतो आणि स्वतःही फार मोठा होतो. घरगुती टाकीचा तो मासा नाही.

निळा टँग, म्हणजे आपली डोरी, समुद्रात पाण्यात तरंगणारे बारीक जीव बऱ्याच प्रमाणात खातो. शेवाळ साफ करण्यासाठी त्याला विकणं म्हणजे गिऱ्हाइकाला चुकीचं औषध देण्यासारखं आहे.

शेवाळ येतं कुठून?

आता मुख्य मुद्दा. शेवाळाला तीन गोष्टी लागतात: उजेड, नायट्रेट आणि फॉस्फेट. उजेड दिव्यातून येतो. नायट्रेट आणि फॉस्फेट येतात आपण टाकलेल्या खाद्यातून, माशांच्या विष्ठेतून आणि पुष्कळदा नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातून.

टँग शेवाळ खातो तेव्हा काय होतं? शेवाळात साठलेलं फॉस्फेट माशाच्या पोटात जातं. थोडं अंगी लागतं, बाकीचं विष्ठेतून पुन्हा त्याच पाण्यात येतं. त्यावर पुन्हा शेवाळ वाढतं. म्हणजे टाकीतला माल टाकीतच फिरतो. बाहेर जातो तो फक्त स्किमरने ओढलेला, पाणी बदलताना काढलेला किंवा हाताने उपटून टाकलेला. टँग गवत कापतो, जमीन बदलत नाही.

त्यात आणखी एक गोम आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, मी टेस्ट केली, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. तरी शेवाळ कसं?" अहो, शेवाळानेच ते पिऊन टाकलंय, म्हणून पाण्यात दिसत नाही. टाकीभर शेवाळ आणि टेस्ट शून्य हे एकाच वेळी होऊ शकतं. हे तुम्ही काउंटरवर समजावून सांगू शकलात, तर गिऱ्हाइकाचा तुमच्यावर विश्वास बसायला दुसरं काही लागत नाही.

आणि काही थर टँग खातच नाही. वाळूवर पसरणारा लालसर-जांभळा, चिकट बुरशीसारखा थर शेवाळ वाटतो, पण ते सायनोबॅक्टेरिया असतात. त्याच्यासाठी टँग विकलात तर आठवड्याभरात तक्रार येणार. म्हणून फोटो मोठा करून बघा, काय आहे ते आधी ओळखा.

मग आधी करायचं काय?

एक, पाणी. पिण्याच्या पाण्याचं घरगुती आरओ मशीन पुरत नाही, त्यात चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. टाकीसाठी आरओच्या पुढे डीआय फिल्टर लावून टीडीएस शून्याला आणायचा.

दोन, खाद्य. बहुतेक लोक दुप्पट खाऊ घालतात. फ्रोझन खाद्य वितळल्यावर त्याचं पाणी गाळून फेकायचं, तेच टाकीत ओतायचं नाही.

तीन, दिवा. आठ-नऊ तासांपेक्षा जास्त नको. खिडकीतलं ऊन थेट पडत असेल तर पडदा लावा.

चार, हात. पाणी बदलताना केसाळ शेवाळ हाताने उपटून बाहेर काढायचं. फुकटातला आणि सगळ्यात खात्रीचा उपाय.

हे सगळं सुरू झालं की मग टँग कामाला येतो. नवीन उगवणारं कोवळं शेवाळ तो लांब होऊच देत नाही. लांब, जाड झालेलं जुनं शेवाळ मात्र बरेच टँग टाळतात. टँग हा टाकी स्वच्छ ठेवणारा गडी आहे, घाण झालेली टाकी धुवून देणारा नाही.

टाकी केवढी आणि कशी?

चार फूट लांबी हा लहान टँगसाठी कमीत कमी आकडा धरा. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकीचं गणित करू: १२० × ६० × ६० सेंटिमीटर म्हणजे ४३२ लिटर. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी साधारण ३६० ते ३८० लिटर राहतं. यात एक टोमिनी, कोले किंवा पिवळा टँग राहू शकतो. पिवळा टँग साधारण २० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. निळा टँग ३० सेंटिमीटरच्या आसपास जातो, त्याला सहा फुटी टाकी लागते. आपल्या हिंदी महासागरातला देखणा डेसजार्डिनी सेलफिन ४० सेंटिमीटरपर्यंत जातो, त्याला त्याहून मोठी. दुकानात हे सगळे बोटभर असतात, म्हणूनच फसगत होते.

आणि वय? हवाईच्या समुद्रातल्या पिवळ्या टँगच्या कानातल्या हाडांवरची वलयं मोजून अभ्यासकांनी ४० वर्षांच्या आसपासचे मासे नोंदवले आहेत. म्हणजे आपण विकतोय तो मासा नीट सांभाळला तर गिऱ्हाइकाच्या मुलांची लग्नं बघेल. एवढ्या मोठ्या गोष्टीची विक्री दहा मिनिटांत उरकायची नसते.

टाकी जुनी हवी. नवीन टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. पण तेवढ्यावर टँग टाकू नका. खडकांवर नैसर्गिक थर तयार व्हायला, पाणी स्थिर व्हायला सहा महिने द्या. टँग हा यादीतला शेवटचा मासा असावा.

पाण्याचे आकडे पाठ करा: विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २५ ते २६ अंश, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. नायट्रेट ५ ते १० पीपीएमच्या घरात असलं तरी चालतं. आकडा अगदी अचूक असण्यापेक्षा तो रोज हलणार नाही, हे जास्त महत्त्वाचं.

मीठ किती लागेल? लिटरला साधारण ३५-३६ ग्रॅम सागरी मीठ. दर आठवड्याला १० टक्के, म्हणजे सुमारे ४० लिटर पाणी बदललं तर दीड किलोच्या आत-बाहेर. महिन्याला सहा किलो. हा आकडा विक्रीआधीच गिऱ्हाइकाला सांगा. आणि हेही सांगा की वाफ होऊन पाणी कमी झालं तर मिठाचं पाणी घालायचं नाही, साधं आरओ-डीआय पाणी घालायचं. वाफेबरोबर पाणी जातं, मीठ टाकीतच राहतं. ही एक चूक रोज करून पंधरा दिवसांत टाकी खारट करणारे लोक मी पाहिलेत.

आपल्याकडचा उन्हाळा आणि आपल्याकडची वीज

परदेशी व्हिडिओ बघून टाकी करणाऱ्यांना हीटर आठवतो, आपल्याला उलट काळजी असते. एप्रिल-मेमध्ये खोलीतली टाकी सहज ३१-३२ अंशांवर जाते. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. टँग हा सतत पोहणारा, प्रवाळाच्या लाटांमध्ये वाढलेला मासा आहे, त्याला भरपूर प्राणवायू लागतो. बाकीचे मासे तग धरून असतात तेव्हा टँग पृष्ठभागाशी येऊन धापा टाकायला लागतो.

पाण्यावर पंखा सोडला तर वाफेमुळे दोन-तीन अंश उतरतात. पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात हे छान चालतं. मुंबईत किंवा कोकणात हवेतच दमट असते तेव्हा पंख्याचा उपयोग कमी होतो, तिथे चिलर किंवा एसीची खोली धरून चला. चिलरचा खर्च मोठा आहे, तो लपवून टाकी विकू नका. मे महिन्यात लपवलेलं सगळं बाहेर येतं.

वीज गेली की पंप बंद, लाटा बंद, प्राणवायू बंद. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप टाकीच्या शेजारी असलाच पाहिजे. किंमत माशाच्या मानाने किरकोळ आहे. मी टँग विकताना तो बिलात घातल्याशिवाय मासा पिशवीत भरत नाही.

टाकीतलं शेवाळ त्याला पुरत नाही

"शेवाळ खातो म्हणजे वेगळं खाणं नको" हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. घरच्या टाकीतलं शेवाळ टँग काही आठवड्यांत संपवतो. त्यानंतर तो उपाशी राहतो, आणि उपाशी टँग पटकन मरत नाही, हळूहळू वाळतो. पोट आत जातं, पाठीवरचं मांस उतरतं, रंग फिका होतो. डोक्यावर आणि अंगाच्या कडेच्या रेषेवर खड्डे पडायला लागतात, त्यामागे निकृष्ट खाणं हे एक कारण मानलं जातं.

उपाय सोपा आहे: नोरी. सुशीसाठी मिळते तीच वाळवलेल्या समुद्री शेवाळाची पातळ पानं. मात्र मीठ, तेल, मसाला लावलेली नको, साधीच हवी. काचेला चिमट्याने लावायची, रोज, टँगला दिवसभर टोचून खाता येईल एवढी. जोडीला स्पिरुलिना असलेलं खाद्य, आणि अधूनमधून मायसिस झिंगे. न खाल्लेली नोरी संध्याकाळी काढून टाकायची, नाहीतर तिचंच फॉस्फेट होणार.

दुकानदारांनो, हे ऐकून धंद्याची गोष्ट लक्षात आली का? टँग एकदा विकला जातो, नोरी दर महिन्याला.

मासा निवडणं आणि वेगळा ठेवणं

होलसेलवाल्याकडून माल उचलताना चार गोष्टी बघा. पोट भरलेलं आहे का, समोरून बघितलं तर अंगात खोलगट पडलेली नाही ना. डोळे स्वच्छ आहेत का. श्वास फार जलद नाही ना. आणि समोर खातोय का. खाताना दाखवता येत नसेल तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

टँगला पांढऱ्या ठिपक्यांचा आजार फार लवकर होतो. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा परजीवी तो. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे दाणे दिसतात. तीन ते सात दिवसांत दाणे गळून पडतात आणि लोक म्हणतात, "बरा झाला!" बरा झालेला नसतो. परजीवी वाळूत, खडकावर जाऊन कोष करतो, त्यातून असंख्य पिल्लं निघतात आणि पुन्हा मासा शोधतात. दुसरी फेरी पहिलीपेक्षा वाईट असते. बऱ्याच घरच्या टाक्या याच दुसऱ्या फेरीत बसतात.

यावर तांब्याचं औषध चालतं, पण ते रीफ टाकीत कधीही घालायचं नाही. प्रवाळ, गोगलगायी, झिंगे सगळे मरतात. औषध फक्त वेगळ्या टाकीत, डब्यावरच्या सूचनेप्रमाणे आणि तांब्याचं टेस्ट किट हाताशी ठेवून. मुख्य टाकीत आजार शिरलाच तर सगळे मासे बाहेर काढून ती साधारण ११ आठवडे माशांविना ठेवावी लागते. गिऱ्हाइकाला हे एकदा सांगा, मग वेगळ्या टाकीचं महत्त्व पटवायला वेगळं भाषण लागत नाही.

म्हणून नवीन टँग किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत. दुकानात हे करायचं म्हणजे पैसे महिनाभर अडकतात, जागा अडकते, काही मासे मरतातही. पण ते तुमच्याकडे मरतात, गिऱ्हाइकाच्या हॉलमध्ये, पोरांसमोर मरत नाहीत. फरक तिथे आहे.

दूरच्या प्रवासातून आलेल्या पिशवीबद्दलही एक सूचना. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवा. पण उघडल्यावर तासन् तास थेंब थेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, उघडताच तो उडतो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया जास्त विषारी होतो. वेगळ्या टाकीचा खारटपणा आधीच पिशवीएवढा करून ठेवा आणि मासा लवकर हलवा.

शेजाऱ्यांशी भांडण

टँग स्वतःसारख्या दिसणाऱ्याशी भांडतो. एका चार फुटी टाकीत एकच टँग, हा साधा नियम. मोठ्या टाकीत दोन ठेवायचे असतील तर वेगवेगळ्या गटातले घ्या, आणि भांडखोर स्वभावाचा शेवटी टाका. हिंदी महासागरातला पावडर ब्लू टँग दिसायला लाखात एक, पण भांडकुदळ आणि ठिपक्यांच्या आजाराला पटकन बळी पडणारा. पहिल्यांदा टँग घेणाऱ्याला तो दाखवूच नका.

कायदा आणि माल कुठून येतो

रीफ टाकी म्हटलं की गिऱ्हाईक प्रवाळ मागतं. भारतात खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. किनाऱ्यावरून उचललेला "लाइव्ह रॉक" कुणी स्वस्तात देऊ केला तर हात जोडा. कृत्रिम किंवा कोरडा खडक वापरून उत्तम टाकी होते. नफा चार पैशांचा आणि जोखीम तुरुंगाची, असा व्यवहार करायचा नाही.

माशांचंही बघा. जगातले बहुतेक पिवळे टँग पूर्वी हवाईच्या समुद्रातून यायचे. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण आढाव्याशिवाय परवाने देण्यावर निकाल दिला. त्यानंतर तिथली व्यापारी पकड आधी कमी झाली, मग जवळजवळ थांबली, आणि किंमत चढली. दुसरीकडे हवाईच्याच ओशनिक इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये पिवळ्या टँगची पैदास करून दाखवली, आणि २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने निळ्या टँगची. पैदास केलेला मासा महाग असतो, पण तयार खाद्य लहानपणापासून खातो आणि समुद्र रिकामा करत नाही. परवडत असेल तर तोच मागवा आणि गिऱ्हाइकाला कारण सांगा. एकाच जागेवरून येणाऱ्या मालावर धंदा उभा करू नये, हा धडाही यात आहे.

आता हिशोब

आकडे केवळ समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला.

समजा टँग ३,००० ला आणला, ४,५०० ला विकला. नफा १,५००. टाकी लहान होती, मासा महिन्यात मेला, गिऱ्हाईक गेलं. एकूण कमाई १,५०० आणि एक बदनामी.

आता समजा तुम्ही म्हणालात, "दादा, आज मासा नको. आधी डीआय फिल्टर लावा, खाणं अर्ध्यावर आणा, शेवाळ हाताने काढा. दोन महिन्यांनी फोटो दाखवा." आज फिल्टरवर ४०० सुटले. पुढे मीठ, नोरी, टेस्ट किट, फिल्टरची भरणी मिळून तो महिन्याला १,२०० ची खरेदी करतो, त्यात तुमचे ३०० राहतात. दोन वर्षांत ७,२००. शिवाय टाकी तयार झाल्यावर टँगही तुमच्याकडूनच जातो. ते १,५०० कुठे पळत नाहीत, फक्त उशिरा येतात.

नाही म्हणताना पोटात गोळा येतो, हे मला माहीत आहे. महिनाअखेर असते, भाडं द्यायचं असतं. अशा दिवशी तर हे गणित काउंटरखाली लिहून चिकटवा.

बिल फाडण्याआधी सात प्रश्न

१. टाकीची लांबी किती फूट?
२. टाकी सुरू होऊन किती महिने झाले?
३. पाणी कुठलं वापरता, टीडीएस किती?
४. मे महिन्यात पाणी किती अंशांवर जातं?
५. वीज गेली तर काय सोय आहे?
६. आत आधीचे मासे कोणते?
७. रोज नोरी कोण लावणार? गावाला गेलात तर कोण?

सातवा प्रश्न गमतीचा वाटतो, पण गणपती-दिवाळीला लोक आठ-दहा दिवस गावी जातात आणि परत आल्यावर आपल्याला फोन येतो. एकाही प्रश्नाचं उत्तर अडलं, तर मासा तुमच्याच टाकीत राहू द्या. तिथे तो निदान खातोय.

सुरुवातीला सांगितलेले ते फोटोवाले दादा. त्यांना मी मासा दिला नाही. ते जरा नाराज होऊनच गेले, डीआय फिल्टर मात्र घेऊन गेले. दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा फोटो घेऊन आले. खडक पूर्ण स्वच्छ नव्हते, पण शेवाळ अर्ध्याहून कमी झालं होतं. त्यांची टाकी चार फुटी होती, बाकी उत्तरंही बरोबर आली. तेव्हा चार आठवडे वेगळा ठेवलेला, समोर नोरी खाऊन दाखवणारा टोमिनी टँग त्यांना दिला. सोबत एअर पंप आणि नोरीचं पाकीट. परवा व्हिडिओ पाठवला त्यांनी, काचेवर ओठांच्या ठशांची रांग होती.

तुमचा धंदा कुठलाही असो, आज एक काम करा. तुमच्या दुकानातली अशी एक वस्तू शोधा जी लोक चुकीच्या कारणासाठी मागतात, आणि ती विकण्याआधी विचारायचे पाच प्रश्न वहीत लिहा. लिहून झाले की व्हिडिओच्या खाली टाका, पुढच्या भागात त्यातले काही आपण एकत्र तपासू.

भेटूया. धंदा करा, पण समजून करा.